दोरीच्या अलीकडचा माणूस

दापोली तालुक्यात, समुद्राचा आवाज येतो पण समुद्र दिसत नाही अशा जागी आमचं घर आहे. घरात गॅस आहे, गिझर आहे, आणि तरीही न्हाणीबाहेरची पाणचूल पहाटे पाचला पेटते. पेटवणारी आत्या. वय ऐंशीच्या अल्याडपल्याड, आणि गिझरबद्दलचं मत ठाम: विजेच्या पाण्याने अंग भिजतं, आंघोळ होत नाही. डोंबिवलीच्या बँकेतून निवृत्त होऊन मी गावी आलो, तेव्हा पहिलं सत्कार्य म्हणून तो गिझर बसवला होता. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि या वादात आत्या कायमची जिंकली.

वादळ किनाऱ्याला लागलं ते पलीकडे, श्रीवर्धनच्या बाजूला. पण वाऱ्याला तालुक्याची हद्द कोण सांगणार? दापोली-मंडणगडच्या बागा त्याने एका दुपारीत झोपवल्या. पोफळी मधोमध मोडल्या, माड आडवे झाले, आजोबांच्या वेळचे आंबे मुळांसकट उपटून पडले. वीज गेली ती आठवडेच्या आठवडे आली नाही. गिझर भिंतीवर नुसता लटकून राहिला आणि आम्ही सगळे बादल्या घेऊन पाणचुलीपुढे रांगेत उभे. "मी म्हणत नव्हते?" असं आत्या एकदाही म्हणाली नाही. तिने फक्त माझं पाणी सगळ्यांत शेवटी काढलं.

आमच्या आवारातला रायवळ आंबा पडला आणि गडग्याजवळचा ऐनही पडला. आंबा, फणस, ऐन, किंजळ ही झाडं १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्यात येतात. जागा स्वतःची असली तरी उभं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. वाऱ्याने परवानगी घेतली नव्हती, पण पंचनामा आमच्याच दारात झाला. तो झाल्यावर प्रश्न उरला की एवढ्या लाकडाचं करायचं काय. जळण म्हणून त्याची किंमत मोठी, पण अख्खा बुंधा काही चुलीत जात नाही.

गावात त्या दिवसांत दोनच माणसांना भाव होता: वायरमन आणि कटरवाला. रस्त्यांवरची झाडं एनडीआरएफच्या जवानांनी मशीन लावून बाजूला केली होती, पण परसातल्या झाडांना जवान कुठून आणणार? कटरवाला तालुकाभर फिरत होता. शेवटी तो आमच्याकडेही आला. विशी-बाविशीचा सडसडीत पोरगा, पायात रबरी स्लीपर, कमरेला आकडी, आकडीत कोयता आणि हातात केशरी चेनसॉ, म्हणजे इंजिनावर चालणारं साखळी-करवतीचं मशीन. मशीन जमिनीवर ठेवलं, पाय दिला, दोरी ओढली. सुरू. बायकोने चहा टाकून गाळेपर्यंत दारातली वाट मोकळी झाली होती. चहा घेऊन तो निघाला. "बाकीचं पुढच्या आठवड्यात करतो, काका," म्हणाला.

कोकणातला पुढचा आठवडा कुठल्याही कॅलेंडरात छापलेला नसतो. पावसाळा गेला, दिवाळी गेली, लाकडं पडून. शिमगा आला तेव्हा आत्या म्हणाली, "आगोटीच्या आत जळण मांगरात पडायला हवं. नाहीतर भर पावसात ओली लाकडं फुंकायला तूच बसशील." त्याच रात्री मी मशीन घ्यायचं ठरवलं. तो पोरगा दोरी ओढतो आणि मशीन सुरू होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. दोरी मलाही ओढता येते.

खेडच्या बाजारात एका दुकानात दोन जातींची मशीनं होती. एक परदेशी नावाजलेल्या कंपनीचं, किंमत बायकोला सांगता येणार नाही अशी. दुसऱ्यावर कंपनीचं नाव बारीक अक्षरांत आणि ५८ सीसी हे ठसठशीत अक्षरांत होतं. किंमत पहिल्याच्या पावपट. दुकानदार म्हणाला, "काका, त्यात नावाचे पैसे. हे बघा, ५८ सीसी, २२ इंची बार. आमची जंगलातली माणसं हेच वापरतात." बार म्हणजे ज्याच्या कडेने चेन फिरते ती लांब पट्टी. जंगलातल्या माणसांचे २२ इंच घरच्या परसात कशाला लागतील, हा प्रश्न मला सुचायला हवा होता. उभं आयुष्य मी लोकांना कर्जाचे कागद नीट वाचून सही करायला सांगत आलो. तिथे मात्र मी सीसी वाचले आणि पैसे मोजले.

माझ्या आत्मविश्वासाला कारणही होतं. डोंबिवलीत मी कित्येक वर्षं टू-स्ट्रोक स्कूटर चालवली होती. आजच्या पोरांना सांगून पटणार नाही, पण त्या काळी पंपावर पेट्रोलबरोबर टू-टी ऑइल मोजून घ्यावं लागे. सकाळी स्कूटर चालू झाली नाही की तिला एका बाजूला आडवी करायची, तेवढ्यात शेजाऱ्याकडे पाहून ओशाळं हसायचं, उभी करायची आणि मग किक. अख्ख्या मध्यमवर्गाचं यांत्रिक ज्ञान या एका कृतीवर उभं होतं. चेनसॉचं इंजिनही टू-स्ट्रोक आहे हे कळलं तेव्हा मला जुनी ओळख निघाल्याचा आनंद झाला.

चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाची वेगळी सोय नसते. पेट्रोलमध्ये कालवलेलं ऑइलच आतले भाग ओले ठेवतं. ते कमी पडलं तर पिस्टन जाम होतो, जास्त झालं तर धूर होतो आणि प्लगवर काजळी धरते. माझ्या मशीनच्या कागदावर पंचवीसास एक असं प्रमाण होतं, म्हणजे लिटरला ४० मिली. नावाजलेल्या कंपन्या स्वतःच्या ऑइलला पन्नासास एक सांगतात, म्हणजे २० मिली. पंपावर बाटलीत पेट्रोल देत नाहीत, म्हणून मी मोटारसायकलच्या टाकीत नळी घालून ओढलं. पहिला घोट मलाच मिळाला. ऑइल मोजायला घरात मापाची वस्तू एकच होती, आत्याच्या खोकल्याच्या औषधाचं १० मिलीचं टोपण. चार टोपणं ऑइल घातलं. टोपण परत बाटलीला लावलं नाही ना, हे बायको अधूनमधून आजही विचारते.

आता दोरी. ज्यांनी चेनसॉ हातात धरलेलं नाही त्यांना वाटतं, दोरी ओढणं हे एक काम आहे. तसं नाही. ही पूजा आहे, आणि क्रम चुकला की ती पहिल्यापासून मांडावी लागते. आधी स्विच चालू करायचा. मग ते मऊ, पारदर्शक बोंड दाबत राहायचं, म्हणजे पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत येतं. मग चोक ओढायचा. मशीन सपाट जमिनीवर ठेवायचं, मागच्या मुठीत उजव्या पायाचं पाऊल अडकवायचं, डाव्या हाताने पुढची मूठ दाबून धरायची. दोरी आधी हळू ओढायची, आत काहीतरी अडकल्याची जाणीव होईपर्यंत, आणि तिथून झटका. पुरी ओढायची नाही आणि सोडून द्यायची नाही, हातानेच परत आत जाऊ द्यायची. असं करता करता इंजिन एकदाच "फट्" असं खोकतं. या खोकल्यावर सगळं अवलंबून आहे. तो ऐकू आला की चोक बंद करायचा आणि पुन्हा ओढायची.

कागदावर हे लिहिलेलं होतं. चिनी माणसाने इंग्रजीत लिहिलेलं असलं तरी चित्रासकट होतं. मी चित्र पाहिलं, पण दोरी ओढली ती विहिरीतून पोहरा काढल्यासारखी, दोन्ही हातांनी, पार छातीपर्यंत. आणि "फट्" झालं! मी हर्षाने ओरडलो, "अगं बाहेर ये, झालं!" बायको बाहेर आली. आत्या आली. तिला दाखवायला म्हणून मी आणखी ओढली. चोक तसाच ओढून ठेवलेला. खोकल्याला मी शुभशकुन समजलो, हुकूम समजलो नाही. त्यानंतर ते मशीन साधं शिंकलंही नाही.

दुपार चढत गेली तशी वाडी जमत गेली. कोकणात कोणाचं मशीन बंद पडलं की बातमी वाऱ्याआधी पोचते. एकाने सांगितलं, कार्बोरेटरला कचरा आला. दुसरा म्हणाला, प्लग गेला. तिसऱ्याने टाकीचं झाकण उघडून आत फुंकर मारली, का ते त्यालाच माहीत. एका जाणत्याने विचारलं, नवं मशीन आणलंत, देवीला नारळ दिलात का? दिला नव्हता. तो दिला, गाऱ्हाणं घातलं, मशीन ढिम्म. माझा उजवा खांदा मात्र पार गळून गेला. शेवटी मी ठेवणीतलं शस्त्र काढलं. सगळ्यांना बाजूला केलं, मशीन उचललं आणि स्कूटर करायचो तसं त्याला उजवीकडे पूर्ण आडवं केलं.

चेनसॉला दोन टाक्या असतात. एकीत पेट्रोल, दुसरीत चेनवर ठिबकणारं ऑइल. फुंकर मारणाऱ्याने पहिलीचं झाकण नीट लावलं नव्हतं. आत्याने आदल्या दिवशीच शेणाने सारवलेल्या खळ्यात निळसर पेट्रोलचा ओघळ लागला, अंगणाच्या उतारावरून थेट तुळशीच्या दिशेने. आत्या काही बोलली नाही. तिने कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली, क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि परसात लाकडं फोडायला निघून गेली. गर्दी आपोआप पांगली.

रात्री खांद्याला तेल लावून घेत मी चेनसॉचा इतिहास वाचत बसलो. माणसाला एखादी गोष्ट करता येईना की तो तिचा इतिहास वाचतो. दातांची साखळी ही कल्पना मुळात लाकूडतोड्यांची नाहीच. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या दोन डॉक्टरांनी हाताने ओढायची बारीक दातेरी साखळी वापरली ती हाडं कापायला, त्यातही अडलेल्या बाळंतपणात कमरेचा सांधा मोकळा करायला. हे मी बायकोला वाचून दाखवलं. तिने तेल लावणं थांबवलं.

पुढे जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवरचं आणि १९२९ मध्ये पेट्रोलवरचं मशीन काढलं. ही सुरुवातीची मशीनं इतकी जड की उचलायला दोन माणसं लागत. पण मला जवळचा वाटला तो अमेरिकेतल्या ओरेगनचा जो कॉक्स. त्या काळच्या चेनला साध्या करवतीसारखे दात असत, ते सारखे बोथट होत आणि सारखी कानस मारावी लागे. हा गृहस्थ १९४६ च्या थंडीत लाकडं फोडत असताना त्याला एका बुंध्यात भुंगेऱ्याची जाडजूड अळी दिसली. धडधाकट लाकूड ती लीलया कुरतडत चालली होती, आडवंही आणि उभंही. जबडा असा की डावीउजवीकडे खरवडत जाणारा. कॉक्सने त्या जबड्याचा आकार पोलादात उतरवला, दुसऱ्या वर्षी चेन विकायला काढली, आणि आजच्या मशीनच्या चेनचे वाकडे दात त्या अळीच्याच वंशातले आहेत. म्हणजे जळण फोडता फोडता एकाला उद्योग सापडला. मला त्याच कामात खांद्याचा डॉक्टर शोधावा लागला.

कटरवाला आला तो मी बोलावलं म्हणून नव्हे, माझी कीर्ती ऐकून. मशीनजवळ वाकला, नुसता वास घेतला. "काका, ओव्हर झालंय." मी चोक ओढलेला ठेवून इतक्या वेळा दोरी ओढली होती की आत हवेपेक्षा पेट्रोल जास्त झालं होतं, आणि ओल्या प्लगवर ठिणगी पडत नाही. त्याने पाना घेऊन प्लग काढला. प्लगच्या टोकावर पेट्रोलचा थेंब लोंबत होता. तो त्याने शर्टाच्या टोकाने टिपला, फुंकून कोरडा केला. स्विच बंद करून, चोक आत ढकलून त्याने दोरी चार-दोनदा ओढली, तसा प्लगच्या भोकातून पेट्रोलचा फवारा उडाला. हे करताना बिडी पेटवून कोणी जवळ नाही हे त्याने आधी बघून घेतलं. प्लग बसवला, स्विच टाकला, एक झटका. मशीन असं गरजलं की आंब्यावरचे कावळे उडाले. मग पडलेल्या आंब्याच्या बुंध्याजवळ न जाता त्याने ते बंद केलं.

"अरे, बंद का केलंस?" मी जवळजवळ रडकुंडीला आलो.

"तुम्हाला शिकायचंय ना, काका?"

त्या क्षणी मला शिकायचं नव्हतं. मला सुरू झालेलं मशीन तसंच वर्षभर चालू ठेवायचं होतं. पण त्याने माझ्याकडून ते सुरू करून घेतलं, आणि ते खरंच सुरू झालं. त्या आवाजाची मजा मी सांगू शकत नाही. साठीनंतर माणसाचं ऐकणाऱ्या गोष्टी फार थोड्या उरतात.

जाण्याआधी त्याने आणखी एक गोष्ट शिकवली. चेनला ऑइल पोचतं की नाही हे बघायचं तर बारचं टोक एखाद्या स्वच्छ जागेकडे धरायचं आणि थोडा वेळ रेस करायचं. ऑइल उडून तिथे बारीक रेघ उमटली तर ठीक. नाहीतर चेन कोरडी फिरते, तापते, बार खाते. चेनसाठीचं ऑइल वेगळं मिळतं, पण आमच्याकडे बहुतेक जण गॅरेजमधलं जळकं ऑइलच ओततात. मीही तेच आणलं होतं, काळंकुट्ट. तो गेल्यावर मी मशीन सुरू केलं आणि स्वच्छ जागा शोधली. मे महिना. खळ्यात बायकोने धुतलेल्या पांढऱ्या धोतरावर ताटं मांडली होती, ताटांत आंबापोळी वाळत होती. मला दिसलं ते फक्त पांढरं धोतर. रेघ अप्रतिम उमटली. सरळ, ठळक, धोतराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, वाटेत येणाऱ्या सगळ्या आंबापोळ्यांसकट. ऑइल उत्तम पोचत होतं.

त्या वर्षी मुंबईच्या नातेवाइकांना आंबापोळी गेली नाही. का गेली नाही हे त्यांना फोनवर सविस्तर सांगितलं गेलं.

पोशाखाचं राहिलंच. खरे लाकूडतोडे जी विजार घालतात तिच्या आत लांब धाग्यांचे थर असतात. चेन लागली तर ते धागे बाहेर ओढले जातात, चाकात गुरफटतात आणि मशीन जागीच थांबतं. ती विजार आमच्याकडे कोणी पाहिलेली नाही. मी मोटारसायकलचं हेल्मेट, गमबूट आणि पुतण्याची क्रिकेटची पॅडं चढवली. या वेषात परसात उभा राहिलो तेव्हा आत्याने विचारलं, "बॅट कुठाय?" क्रिकेटच्या पॅडांत ते धागे नसतात. त्यांचा उपयोग मला धीर यावा एवढाच होता.

इथे थोडा वेळ गंमत बाजूला ठेवतो. बारच्या टोकाचा वरचा अर्धा भाग लाकडाला लागला तर चेन लाकडात जाण्याऐवजी अख्खा बार उसळून वर, थेट तोंडाच्या दिशेने येतो. हे इतकं झटक्यात होतं की हात मागे घ्यायलाही सवड मिळत नाही. कटरवाल्याने दहा वेळा बजावलं होतं, टोक लावायचं नाही. मी एका फांदीमागची दुसरी फांदी बघितलीच नाही. बार उसळला, माझं मनगट पुढच्या आडव्या कठड्यावर आपटलं, तो कठडा म्हणजेच चेनचा ब्रेक, आणि चेन कपाळाच्या अलीकडे थांबली. हेल्मेटच्या काचेवर भुसा उडाला होता. मी मशीन बंद करून बराच वेळ ओंडक्यावर बसून राहिलो आणि घरात कोणालाही काही सांगितलं नाही. हे वाचूनच त्यांना कळेल.

नवी चेन पहिल्या वापरात ताणली जाऊन सैल होते, मधूनमधून थांबून ती आवळावी लागते. मी आवळली नाही, त्यामुळे ती निसटून खाली लोंबू लागली. दुरुस्ती सोपी: दोन नट काढायचे, झाकण काढायचं, चेन परत बसवायची, ताण द्यायचा. चेन बारला घट्ट बसते आणि तरीही हाताने फिरते इतका. सगळं यथासांग केलं. मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं. ऐनाच्या बुंध्यावर ठेवलं, रेस केलं. आवाज भयानक, धूर भरपूर, पण पट्टी जागची हलेना. जोर दिला. आणखी धूर. बुंध्यावर एक काळीभोर, गुळगुळीत, चकचकीत खाच पडली, हात फिरवावा अशी. भुसा चिमूटभरही नाही. ऐन जातीचा कठीण असतो हे मी ऐकून होतो, पण हा तर लोखंडाचा निघाला. धार गेली असेल म्हणून बाजारातून गोल कानस आणून दात घासले. तरी तेच.

आत्या शेजारी शेणी रचत होती. ती आली, वाकली आणि बंद मशीनच्या पट्टीवर तिने बोट ठेवलं. करवत तिने आयुष्यभर ओढलेली. चेनच्या प्रत्येक दाताचं टोक तिने निरखलं.

"हे दात कुठे बघतायत?"

बारच्या वरच्या कडेने चेन पुढे, टोकाकडे धावते. दातांची टोकं तिकडेच हवीत. माझ्या चेनचे सगळे दात उलट, माझ्याकडे तोंड करून बसले होते. इतका वेळ मी ऐनाला दातांच्या पाठीने घासत होतो.

"पाठमोरा होऊन कोण चावतं रे?" आत्या म्हणाली आणि शेणी रचायला परत गेली.

चेन सरळ बसवल्यावर ऐन कापला गेला. खरोखर सुरेख कापला गेला. तांबूस भुशाचा ढीग, ताज्या लाकडाचा वास, एकसारखे गोल ओंडके. ते परसात मांडून मी आत्याला बोलावलं. तिने एक ओंडका पायाने लोटून पाहिला. "हे असं चुलीत जाणार?" पाणचुलीच्या तोंडात अख्खा गोल ओंडका जात नाही. तो उभा फोडावा लागतो, आणि उभं फोडणं हे चेनसॉचं काम नव्हे. रेषांच्या दिशेने चेन चालवली की भुशाऐवजी लांब दोरे निघतात आणि झाकणात अडकून मशीन गुदमरतं. फोडायला लागते पाचर आणि कुऱ्हाड. म्हणजे आत्याच. मी एक तुकडा कापायला जेवढा वेळ घेतला, तेवढ्यात तिने ढलप्यांची अर्धी रास केली होती. ऐन आधीच उकलायला आलेला होता, वर्षभर उन्हापावसात पडून.

आंब्याला मी हात घातला तेव्हा तिने थांबवलं. आंब्याचं लाकूड धुरकट, पाणचुलीला विशेष चांगलं नाही, म्हणून म्हणत असेल असं वाटलं. पण ती म्हणाली, "त्यातली जाडी लाकडं वेगळी काढून मांगराच्या मागे ठेव. ती माझी." आमच्याकडे शेवटी आंब्याचंच लाकूड लागतं. मी मान डोलावली. ती पुढे म्हणाली, "आणि ती तू कापू नकोस. मला तेव्हा तरी वेळेवर पेटायचंय."

मे २०२१ च्या मध्याला तौक्ते वादळ किनाऱ्याकिनाऱ्याने समुद्रातून वर सरकत आमच्यासमोरून गेलं. ऐन मांगरात पोचला होता, आंबा निम्मा बाहेरच भिजला. मशीन मी कोपऱ्यात ठेवलं आणि पावसाळाभर विसरलो. टाकीत पेट्रोल तसंच. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओल धरतं, आणि महिनोन्महिने पडून राहिलं की कार्बोरेटरच्या बारीक वाटांत चिकटा बसतो, आतले रबरी पडदे ताठरतात. दसऱ्याला शस्त्रपूजनासाठी म्हणून मशीन पुसून पाटावर ठेवलं, झेंडूचा हार घातला. हार काढून दोरी ओढली, तर नुसती दोरीच बाहेर आली.

कटरवाल्याने कार्बोरेटर खोलून साफ केला, पडदे बदलले. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, माझंच मशीन सध्या बिघडलंय, काका, तुमचं थोडे दिवस नेऊ का? तेव्हापासून ते त्याच्याकडेच आहे. त्याच्या हातात ते पहिल्या झटक्याला सुरू होतं. वर्षातून एकदा, होळीनंतर, तो ते घेऊन आमच्याकडे येतो, आमचं जळण कापतो आणि तासाप्रमाणे मजुरी घेतो. मशीन माझं म्हणून पेट्रोलचे पैसे मात्र तो लावत नाही, ते मीच भरून देतो. लिटरला चार टोपणं ऑइल मोजून घालण्याचं काम अजून माझ्याकडे आहे, आणि ते मी चोख करतो.

तेव्हा घरच्या जळणासाठी मशीन घ्यायचा विचार असेल तर जरूर घ्या, पण बार १६ इंचांहून मोठा घेऊ नका, चेनच्या दातांची टोकं पुढे आहेत का ते आत्या नसेल तर स्वतः बघा, आणि पावसाळ्याआधी टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मगच ठेवा. आणि आधी कोणाचं चालवून बघायचं असेल तर माझं बघा. शिमग्यापर्यंत ते मोकळंच असतं. फक्त न्यायला माझ्याकडे येऊ नका, त्या पोराकडे जा.